फळीची गोड बाजू

माझ्या लेकीला पाचव्या महिन्यात डोहाळा लागला तो आमच्या बांधावरच्या आंब्याचा. कैऱ्यांचा असता तर टोपली भरून पाठवली असती. तिला झाड हवं होतं.

झालं असं, की चैत्रात संध्याकाळचा वारा सुटला आणि तो आंबा मुळासकट आडवा झाला. मी तिला फोन करून कळवलं. लहानपणी त्याच झाडावरून पडून तिने हात मोडून घेतला होता, म्हणून मला वाटलं, म्हणेल, बरं झालं, सूड उगवला. ती आधी रडली, मग हसायला लागली, मग हसता हसता म्हणाली, "आई, त्याचा पाळणा कर ना."

"आंब्याच्या लाकडाचे खोके करतात. पाळणा सागवानी बघू आपण."

"मला त्याचाच हवा. लग्न झाल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये ती नोकरी करते, स्वतःचं स्वतः घेते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तासाभरात बदलापूरहून विहीणबाईंचा फोन. त्यांनी ऑनलाइन एक पाळणा बघून ठेवला होता. चाकं, मच्छरदाणी, बटण दाबलं की गाणं.

"आंब्याचं लाकूड टिकतं का हो?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "नाही टिकलं तर काळजी करू नका. आमचा एका दिवसात घरपोच येतो."

म्हणजे ठरलंच. बारशाला माझी नात किंवा नातू आंब्याच्या पाळण्यात असणार, नाहीतर लेकीची एकुलती एक मागणी माझ्या हातून राहणार आणि बाळ बटणाच्या गाण्यावर झोपणार.

आमचं घर शहापूर-मुरबाड रस्त्याला आहे, दोन्हीकडून सारखंच लांब. हे भातसानगरला धरणावर ड्यूटीला असतात. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई वाळवणाचा धंदा करतो. नाचणीचे पापड, कुरडया, सांडगे, आंबोशी. घरामागे प्लास्टिकचा कागद ताणून उभारलेली एक लांबोडी खोली आहे, तिला पंखे लावलेत. उन्हाळ्यात आत माणूस गेला तर त्याचा पापड होतो. ओल्या वस्तूतून पाणी कसं काढायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी समजूत होती.

सुतारमामांना बोलावलं. हे मामा आमच्या दोन पिढ्यांचे दरवाजे-खिडक्या करत आलेत. त्यांनी पडलेल्या झाडाभोवती एक फेरी मारली आणि पहिली अट घातली.

"वयनी, पोर रडल्याबिगर मी पाळण्याला हात लावायचा नाय."

ही आमच्याकडची रीतच. बाळ जन्माला येण्याआधी घरात ना पाळणा यायचा, ना झबलं. मला असल्या गोष्टींवर वाद घालत बसायला वेळ नसतो. वाट काढायची असते.

"पाळणा कोण म्हणतंय, मामा? मला शेल्फ करायचंय. त्याच्या फळ्या कापून, वाळवून ठेवते."

मामांनी डोळे बारीक केले. "किती मोठा शेल्प?"

"बाळ मावेल एवढं," जाऊबाई मागून म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून पळाल्या.

मामांची दुसरी सूचना अशी, की ओंडके पावसाळाभर ओढ्यात बुडवून ठेवावेत, बांबू ठेवतो तसे, आणि मग सावलीत सावकाश वाळवावेत. का, ते त्यांना सांगता येईना. "झाड गरम असतंय, निवायला पायजे," एवढंच. मी म्हटलं, तोवर पोर पाटी-दप्तर घेऊन पाळण्यात बसेल. टेम्पो केला, मुरबाडच्या सॉ मिलमधून फळ्या पाडून आणल्या. इतक्या ओल्या की हात ठेवला तर तळव्याला पाणी लागत होतं. पांढरटपिवळ्या, कैरीच्या फोडींसारख्या.

त्याच झाडाच्या पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी आम्ही नेमकी तेव्हाच घातली होती. मीठ लावलेल्या फोडींनी निम्मी खोली भरली होती. उरलेल्या जागेत सगळ्या फळ्या सुट्या सुट्या मावेनात. मग आम्ही दोन-दोन फळ्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि एका जोडीत आणि दुसऱ्या जोडीत लाकडाच्या पट्ट्या घातल्या.

"यांचं लगीन लावलं गो आपण," जाऊबाई घाम पुसत म्हणाल्या. "बग कशी तोंडाला तोंड लावून झोपलीत. लाज नाय."

एक फळी उरली. ती एकटीच वर ठेवली.

"हा बिनलग्नाचा," जाऊबाई म्हणाल्या. "याला वारा खाऊ दे."

तेव्हापासून आम्ही त्या फळ्यांना जोडपी म्हणायला लागलो. सकाळी उठून जाऊबाई विचारायच्या, "जोडपी उठली का?" आणि पंखा लावायच्या. वाळायलाही भराभर लागली. आठवडाभरात हाताला हलकी लागायला लागली, टकटक केलं तर खणखणीत वाजायला लागली. बाहेरच्या बाजूंचा रंग तेवढा जरा तांबूस झाला, भाजणीसारखा. मी खूश होते. सुतारमामा ज्याला वर्ष लावणार होते ते मी वैशाखात उरकलं होतं.

मग मुंग्या आल्या.

आंबोशीला मीठ, तिकडे त्या फिरकत नव्हत्या. पापडांकडे बघत नव्हत्या. बारीक काळ्या मुंग्यांची रांग सरळ फळ्यांवर चढत होती आणि वरवर फिरत होती, जणू तिथे कुणी चहा सांडलाय.

"तुम्ही सांडलात," मी म्हटलं.

"मी? मी काय फळ्यांना च्या पाजते?"

"मग मुंग्या कशाला येतील?"

जाऊबाईंनी विचार केला, इकडे तिकडे पाहिलं आणि वाकून फळी चाटली. मी अजूनही सांगते, मी त्यांना थांबवणार होते. पण त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला, ताकातलं मीठ बघावं तसा, की मला राहवेना.

"कशी लागते?"

"थोडी गोड हाय गो. नायतर भुसा हाय. समजत नाय."

मग मीही चाटली. मला आधी धूळ लागली, मग जिभेच्या टोकाला अगदी पुसट गोडवा, मग तुरट. आम्ही दोघी पन्नाशीच्या आसपासच्या बायका, प्लास्टिकच्या खोलीत, उन्हाने लाल झालेल्या, एक एक कोपरा धरून फळी चाटत होतो, आणि तेवढ्यात हे ड्यूटीवरून आले. दारात उभे राहिले. डबा हातात.

"जेवण झालं नाही का अजून?" ह्यांनी विचारलं.

आम्ही खाली बसलो. जाऊबाईंना हसून हसून ठसका लागला. ह्यांना समजावून सांगावं तर आवाज फुटेना. शेवटी हेही वाकले, चाटलं, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि हात धुवायला गेले.

मुंग्या झटकल्या, फळ्या घरात आणल्या आणि माळ्यावर ठेवल्या. आता जोड्या मोडल्या होत्या. प्रत्येक दोन फळ्यांत पट्टी घालून सगळ्या सुट्या रचल्या, हवा सगळीकडून सारखी खेळावी म्हणून. वर जुनं लुगडं टाकलं. कुणी विचारलं तर शेल्फ.

पाऊस लागला, भाताची लावणी झाली. आमच्याकडे आषाढात चपलेला, पट्ट्याला, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला, सगळ्याला बुरशी येते. मी रोज फडकं घेऊन फिरत होते, पण माळ्यावर चढायचं काही मनात आलं नाही. वाळलेली वस्तू वाळलेली असते.

श्रावणात शहापूरच्या दवाखान्यात लेक बाळंत झाली. मुलगी. रडली ती अशी, की सुतारमामांना फोनवरूनच ऐकवलं.

"आयकू आलं का, मामा?"

"आलं, आलं! आता काढा तुमचा शेल्प!"

लेक बाळाला घेऊन घरी आली, त्याच दुपारी मामा रंधा घेऊन आले. बारसं बाराव्या दिवशी. वेळ पुरेसा होता. जाऊबाई माळ्यावर चढल्या, लुगडं ओढलं आणि पुन्हा झाकलं.

"काय झालं?"

"जोडप्यांना केस आलेत गो," त्या हळूच म्हणाल्या.

फळी खाली आली. तिच्यावर करडी-हिरवी लव उगवली होती, कुठे कुठे काळे ठिपके. बोट लावलं तर धूर उडाल्यासारखी पूड. दुसरी फळी तशीच. तिसरी तशीच. मामांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वयनी, ही मेंढी हाय. हिची लोकर कापायची का रंधा मारायचा?"

जाऊबाईंना हसू फुटलं. मी त्यांना चिमटा काढला, कारण पलीकडच्या खोलीत लेक होती, आणि तिला लहानपणापासून ओल धरलेल्या जागेत धाप लागते. त्या लाकडात मी तिचं बाळ ठेवणार नव्हते. आणि दुसरा आंबा नव्हता. जो होता तो सगळा इथे अंगणाच्या कडेला, लोकर पांघरून पडला होता. मी मनातल्या मनात चाकाच्या पाळण्याचा रंग ठरवायला लागले होते, तोवर मामांनी फळी उलटी केली.

मागची बाजू स्वच्छ. जशी गिरणीतून आणली तशी, फिकट, कोरी. एक ठिपका नाही.

दुसरी उलटली. एक बाजू केसाळ, एक बाजू कोरी. तिसरीही. सगळ्या तशाच. माळ्यावर सगळ्यांना सारखी हवा, सारखी ओल, मग अर्धी फळी नापास आणि अर्धी पास कशी? मी एक एक करून उलटत होते आणि शेवटी हाताला आली ती अशी, की दोन्ही बाजूंनी तितकीच हिरवी.

"हा कोण?" मी म्हटलं.

जाऊबाईंनी लगेच ओळखला. "बिनलग्नाचा!"

जोडप्यांची तोंडं साफ, पाठी घाण. एकट्याच्या दोन्ही बाजू घाण. म्हणजे जी गोष्ट झाली ती माळ्यावर झालीच नव्हती. ती वैशाखात, प्लास्टिकच्या खोलीत झाली होती.

पुढचं मला स्वयंपाकघरात सापडलं. आमटीत टाकायला आंबोशीची बरणी उघडली. वाळलेल्या फोडींवर मीठ उमटतं, पांढरी पूड दिसते, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी हजारदा पाहिलंय. त्या बरणीत दोन फोडी एकमेकींना चिकटून वाळलेल्या होत्या, अशा निघतातच दोन-चार. सवयीने मी त्या ओढून वेगळ्या केल्या. बाहेरच्या बाजूला पांढरं मीठ. चिकटलेल्या बाजूला काहीच नाही.

मी एवढ्या जोराने ओरडले की बाळ दचकून उठलं.

"आई!" लेक आतून ओरडली. "काय गं?"

मी एका हातात आंबोशी, एका हातात फळी घेऊन खोलीत गेले. फळी दाखवायची नाही असं ठरलं होतं, ते विसरूनच गेले. कानाला घट्ट रुमाल बांधलेली, शेक घेऊन लालबुंद झालेली माझी लेक दोन्हीकडे बघत राहिली. मी दम न घेता सांगितलं. पाणी बाहेर निघतं ते मोकळ्या बाजूने. जाताना मीठ बरोबर घेऊन येतं. उंबरठ्यापर्यंत आणतं आणि तिथेच टाकून स्वतः वाऱ्यावर जातं. चिकटलेल्या बाजूला दारच नसतं, मग तिकडे मीठ येणार कसं? आणि लाकडात मीठ नसेल, पण काहीतरी गोड होतंच, आम्ही चाटलंय.

"तुम्ही काय केलंय?"

"ते सोड. बरोबर आहे का सांग."

तिच्यातली लॅबमधली बाई जागी झाली. "पाणी उडतं, साखर उडत नाही," ती म्हणाली. "झाडाच्या रसात साखर असते, बाकीही काही काही असतं, बुरशीला आवडणारं. तुम्ही घाईने वाळवलं, सगळं ओढून वर आणलं. लाकूड तेच, पण पृष्ठभाग बदलला. तुम्ही बुरशीला ताट वाढून ठेवलंत, पाऊस आल्यावर ती जेवायला बसली." मग तिने फळीकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "हीच पाळण्याची होती ना?"

"होती नाही, आहे," मी म्हटलं. "वाढलेलं ताट उचलता येतं."

अंगणात मामांना सांगितलं, केसाळ बाजू रंधून काढा, नुसती लव नाही, खालचा चांगला थर काढा. मामांनी तोंडाला उपरणं बांधलं. कुरळ्या साली भराभर निघायला लागल्या, आधी हिरव्या, मग तांबूस, मग पांढऱ्या. जाऊबाईंनी पांढरी साल उचलून चाटली.

"आता निस्ता भुसा," त्यांनी निकाल दिला.

पण जिभेच्या निकालावर मी नातीला झोपवणार नव्हते. एका फळीचा तुकडा मामांकडून कापून घेतला. त्याची अर्धी बाजू रंधलेली, अर्धी तशीच, नुसती पुसलेली. मोठ्या स्टीलच्या डब्यात ओलं फडकं, त्यावर तुकडा, झाकण घट्ट. डबा फडताळात मागे ठेवला. मामांना म्हटलं, हा डबा सांगेपर्यंत जोडणी करायची नाही.

"वयनी, बारशाला डबा सांगल का पंचांग?"

"डबा."

मामा रोज येऊन विचारायचे, "बोलला का?" मी रोज झाकण किलकिलं करून बघायची. ओलं लाकूड, दुसरं काही नाही. बारसं जवळ येत होतं. फळ्या रंधून, कापून भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि लेक येता-जाता त्यांच्यावर बोट ओढून पूड लागते का बघायची. ते मला जास्त लागायचं. शेवटी मी दोन दिवस डब्याला हात लावला नाही. बघून बघून उगवत नसतं.

आणि त्यात विहीणबाई आल्या. बारशाला अवकाश होता, पण त्यांना नातीशिवाय करमेना. आल्या त्या पदर खोचून थेट स्वयंपाकघरात, तुम्ही बसा, मी करते म्हणत. मी बाळाला न्हाऊ घालत होते. हात तेलाने माखलेले, बाळ पायांवर पालथं. आतून विहीणबाईंचा आवाज आला, "लाडवांचा डबा हा का हो, मागचा?"

मी "नाही" म्हणेपर्यंत झाकण पडल्याचा आवाज आणि किंकाळी.

"अगं बाई! केसाळ लाडू!"

जाऊबाई धावल्या, मामा रंधा टाकून धावले, मी बाळ लेकीकडे देऊन तेलकट हातांनी धावले. विहीणबाई भिंतीला पाठ लावून उभ्या. डब्यात तुकडा. अर्धा भाग हिरवागार, फुगलेला. मधोमध सरळ रेघ, जिथे रंधा थांबला होता. रेघेच्या अलीकडे फिकट, कोरं लाकूड.

"डबा बोलला!" मामा म्हणाले.

"बोलला!" जाऊबाईंनी टाळी वाजवली, आणि आम्ही तिघांनी विहीणबाईंच्या भोवती नाचायचंच बाकी राहिलं. त्या बिचाऱ्या एकदा डब्याकडे, एकदा आमच्याकडे. मग लेकीने आतून ओरडून सगळं सांगितलं, मुंग्यांपासून. फळी चाटल्याचं ऐकल्यावर विहीणबाई जमिनीवर बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. उचकी लागेपर्यंत हसल्या.

"आणि व्याह्यांनीही चाटली?"

"मीठ कमी म्हणाले."

पुन्हा उचकी. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर मामांनी रंधलेली एक फळी खिडकीच्या उजेडाला नेऊन दोन्ही बाजूंनी नाकाला लावून हुंगली. मग फोन काढून चाकाच्या पाळण्याचं पान उघडलं, माझ्यासमोर धरलं आणि बंद केलं. "गाणं मी म्हणेन," त्या म्हणाल्या.

मामांनी जोडणी केली. जोडप्यांची कोरी तोंडं आत, बाळाच्या बाजूला. रंधलेल्या पाठी बाहेर. बिनलग्नाची फळी दोन्हीकडून रंधून इतकी पातळ झाली की तिचा पाळण्यात काही उपयोग नव्हता. जाऊबाईंनी ती ठेवून घेतली, पापड लाटताना पोळपाटाखाली टेकू म्हणून. "एकला हाय, कामाला लावते," म्हणाल्या.

बारशाला पाळणा मधल्या खोलीत तुळईला टांगला. लेक कडेला बसली, बाळाला आत ठेवलं आणि दोन्ही तळहात फळीवरून फिरवले. तिने त्याच झाडावर हात मोडला होता, त्यामुळे मला जरा धाकधूकच होती. विहीणबाई गायल्या. खरं सांगायचं तर बटणाचं गाणं परवडलं असतं, पण बाळ झोपलं.

त्या श्रावण-भाद्रपदात मी रोज सकाळी पाळण्याखाली बॅटरी मारून बघत होते. चपलांना बुरशी आली, ह्यांच्या पट्ट्याला आली, पाळण्याला नाही.

परवा नात पाळण्यात पहिल्यांदा उपडी झाली. मान उचलून सरकत सरकत कडेपर्यंत गेली आणि तोंड उघडून फळीला लावलं. लेक धावायला निघाली. मी तिचा दंड धरला.

"थांब. बघू दे."

बाळाने फळी चाटली. एकदा, मग पुन्हा एकदा, नीट. आमच्याकडे पाहिलं, तोंड वेंगाडलं आणि भोकाड पसरलं.

"गोड नाय," जाऊबाई म्हणाल्या आणि पंखा लावायला मागे निघून गेल्या.